हळू बोलायची तालीम

तुम्ही म्हणाल, विचारलं होतं. बापाला समोरासमोर विचारलं, बाप हो म्हणाला, मग आमचं काय चुकलं? हेच तुमचं चुकलं. तुम्ही विचारलंत ते पिशवीत तोंड घालून, चष्मा शोधता शोधता, मागे पोरं खुर्च्या फरफटत असताना. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता मिळालेला होकार घेतलात आणि पुढच्या मुलाकडे वळलात. त्याच्या घरात त्याला ऐकू येणारा एकच आवाज होता. तो तुम्ही काढून घेतलात, बाई, आणि तोही त्याच्याच संमतीनं. वस्तीतल्या मुलांचं नाटक तुम्ही बसवता, फुकट शिकवता, पोरं तुमच्यावर जीव टाकतात, हे सगळं कबूल. म्हणून तर तुम्हाला सांगायचं. वाईट माणसाशी डोकं कोण लावतो?

त्याला ते कळलं जेवताना. दिवस साधा होता. कारखान्यातून येऊन त्यानं हातपाय धुतले, बायकोनं ताटं मांडली, आणि पोरगी ताटात बघत काहीतरी बोलली. बोलली एवढं त्याला दिसलं. ओठ हलले, पण खडा दाताखाली यावा आणि जिभेनं गुपचूप बाजूला सारावा, एवढेच. "काय गं?" त्यानं विचारलं. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "काही नाही." हे मात्र तिनं नीट तोंड उघडून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, त्यामुळे स्वच्छ पोचलं. त्याचा घास हातातच राहिला. 'काही नाही' हे त्याच्या घरात कधी नव्हतं. बाहेर पोत्यानं होतं. मेहुणा विनोद सांगायचा, सगळी बैठक खदखदायची, हा विचारायचा काय झालं, की मेहुणा हात झटकायचा, "काही नाही हो भावजी, असंच." म्हणजे तुमच्यासाठी पुन्हा तोंड कोण उघडणार. तुम्ही आपले हसल्यासारखं करा. तोही हसल्यासारखं करायचा. ते त्याला लागत नसे, कारण घरी परत जायचं असायचं. घरी सगळं पुन्हा सांगितलं जायचं, आणि कंटाळा न करता सांगितलं जायचं. आता घरातच 'काही नाही' आलं, तर इथून उठून जायचं कुठे? त्यानं घास तोंडात घातला, चावला. चव लागली नाही असं काही नाही. चव नेहमीचीच होती. उगाच खोटं कशाला सांगा.

तो डब्यांची झाकणं काढणाऱ्या प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, धाडकन झाकण पडायचं, पुन्हा पत्रा. कान एका दिवसात गेले नाहीत. कोपऱ्यातलं सामान कुणी एकेक करून उचलून न्यावं आणि घरच्याला जागा मोकळी झाल्यावरच कळावं, तसे गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग किटलीची शिट्टी, मग बायकामुलांचे बारीक आवाज. पुरुषांचे जाड आवाज अजून थोडेफार उरले होते, पण पुरुष बोलतात काय तर कामाचं आणि राजकारणाचं. गेलेल्याच्या जागी शांतता आली असती तरी चाललं असतं. पण तिथे एक बारीक घासणी येऊन बसली, कुणीतरी डोक्याच्या आत पत्र्यावर कानस चालवत असल्यासारखी, झोपेतही न थांबणारी. मालकानं कापसाचे बोळे दिले होते. बोळे! कानात घालायचं मशीनही आणून झालं. ते लावलं की भांडी, गाड्या, खुर्च्या, खोकला सगळं एकदम डोक्यात उपडं व्हायचं आणि माणसाचं बोलणं त्याच्या तळाशी दबून जायचं. मशीन कपाटात गेलं. त्यापेक्षा मान बरी. मान हलवण्यात तो पोचलेला माणूस होता. समोरचा हसतोय तर अर्धी मान आणि अर्धं हसू, भुवया चढल्यात तर "अरे वा," ओठ आवळलेत तर "चालायचंच." बँकेत, दवाखान्यात, लग्नांत, पोरीच्या शाळेत, सगळीकडे तो अशीच मान हलवत आला आणि सगळ्यांत समजूतदार पालक म्हणून त्याचं नाव झालं. मला ऐकू येत नाही, हे वाक्य त्यानं घराबाहेर आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं. का ते विचारू नका. बहिऱ्याला लोक आधी हसतात आणि मग मोठ्या आवाजात मूर्ख समजतात, हे त्यानं स्वतःच्या बापाच्या बाबतीत पाहिलं होतं. तो बापही त्याच प्रेसवर होता.

घरात मात्र मान लागत नसे. घराची एक रीत आपोआप पडून गेली होती. बोलायच्या आधी टेबलावर पंजा थापायचा किंवा कोपराला हात लावायचा. तोंडात घास असताना बोलायचं नाही, दिव्याकडे पाठ करून बोलायचं नाही, दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, उठून यायचं. शब्द सुटा करून टाकायचा. पोरगी या रीतीतच जन्माला आली. रांगायच्या वयात पडली, लागलं, तरी आधी त्याच्या समोर येऊन बसायची, त्याचं लक्ष आहे ना बघायची आणि मग भोकाड पसरायची. बायको म्हणायची, "बघा, तुमच्यासाठी रडणंसुद्धा राखून ठेवते." तिचा आवाज असा घडला होता, पोटातून निघालेला, कडक, प्रत्येक शब्दाला कड असलेला. भाजीवाला काही विचारायचा, याची मान हलायला लागायची, तेवढ्यात शर्टाची बाही ओढून ती जाहीर करायची, "बाबा, पिशवी आणलीय का विचारतायत!" सगळा बाजार वळून बघायचा. तिचं नाव भोंगा पडलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणायची, "तुमचा भोंगा वाजला की मी उठते. घड्याळ मोडीत काढलं मी." तो हे कौतुक समजायचा. म्हातारीनं कौतुक म्हणूनच म्हटलं होतं की नाही, हे त्यानं कधी तपासलं नव्हतं. हातातलं सोनं खरं की खोटं ते कोण रोज घासून बघतो?

मग तुमचं नाटक निघालं. नदीकाठच्या दोन गावांचं, आणि मधे एक नाव चालवणारी मुलगी. त्या मुलीच्या कामासाठी निवड होणार होती. घरी येऊन भोंगा टेबलावर दोन्ही पंजे थापून म्हणाली, "बाबा, नावाडीण व्हायचंय मला!" तिचे डोळे असे झाले होते की त्याला वाटलं, हिला कुणी खरीच नाव दिली. तयारी त्यानं घेतली. गच्चीच्या एका टोकाला पाण्याच्या टाकीपाशी तो उभा राहायचा, दुसऱ्या टोकाला ती, मधे वाळत घातलेल्या चादरी. ती चादरींच्या पलीकडून हाक द्यायची, "पलीकडे कोण आहे? थांबा, मी येतेय!" तिचं तोंड त्याला दिसत नसे. हाक आली की त्यानं हात वर करायचा, असं ठरलं होतं. आणि हाक यायची. त्या घासणीला चिरून, चादरी ओलांडून, थेट यायची. कितीतरी वर्षांत ओठ न बघता त्याला ऐकू आलेलं तेवढंच एक वाक्य. तो हात वर करायचा, टाकीला टेकून उगाचच थोडा वेळ उभा राहायचा, आणि ओरडायचा, "पुन्हा! नदी अजून रुंद आहे!" शेजारच्या गच्चीवरचा शिंपी ओरडला होता, "अहो, आग लागलीय का?" भोंग्यानंच त्याला उत्तर दिलं, "नाही काका, पूर आलाय!"

ही तयारी मधेच थांबली होती. त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पाहुणे होते, मग त्याची पाळी बदलली, मग तिची परीक्षा, अशी कारणं त्यानं स्वतःच जमवून ठेवली होती. पण तयारी चालू होती, आतल्या खोलीत, आईबरोबर, दार लोटून. त्या जेवणानंतर भांडी आवरताना त्यानं बायकोला गाठलं.

"पोरगी हळू बोलायला लागलीय."

बायकोनं नळ बंद केला, हात पुसले आणि त्याच्याकडे वळली. "लागलीय नाही. लावलीय. घसा बसला माझा तिला दाबता दाबता."

"कशाला पण?"

"म्हणजे काय, कशाला? बाईंनी सांगितलंय. आवाज अंगावर येतो, सवय मोडायला हवी, घरीसुद्धा हळूच बोलू द्या." ती त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, तुम्हीच तर हो म्हणून आलात."

"मी?"

"नाही, शेजारचा शिंपी गेला होता. पोरगी सांगत आली, बाबांनी बाईंना शब्द दिलाय म्हणून. मला वाटलं, तुम्हाला पटलंय. मला आधी नवलच वाटलं. म्हटलं, या माणसाशी बोलून बोलून भिंतीचेसुद्धा पोपडे पडतील, आणि हा म्हणतो हळू बोला. पण म्हटलं, पोरीसाठी करतोय बिचारा." आणि मग तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याच्या सगळ्या माना ठाऊक होत्या. "तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं," ती म्हणाली. मोठ्यानं नाही म्हणाली. पण हे वाक्य त्यानं कुणाच्याही ओठांवर कुठूनही ओळखलं असतं.

मग त्याला तो व्हरांडा दिसला. तालमीच्या हॉलबाहेर तो भोंग्याला न्यायला उभा होता. तुम्ही बाहेर आलात, पिशवी चाचपत, आणि बोलायला लागलात. मागे खुर्च्या सरकत होत्या, तो कर्कश आवाज त्याला पायांतून कळत होता. तुमचं कपाळ दिसत होतं, केस दिसत होते, तोंड पिशवीत. एकदा तुम्ही वर बघून हसलात. हसलात म्हणजे कौतुकच असणार. त्यानं अर्धी मान, अर्धं हसू काढलं आणि म्हणाला, "हो हो. अगदी." तुम्ही आणखी काही विचारलंत. भुवया वर गेल्या होत्या. "नक्की," तो म्हणाला. "काही काळजी करू नका." घरी येताना तो इतका खूश होता की त्यानं भोंग्याच्या पाठीवर थाप मारली, "बघ! बाई केवढ्या खूश आहेत तुझ्यावर!" पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली होती. त्याला वाटलं, लाजली.

आता भांड्यांच्या ढिगापाशी उभं राहून त्याला ते बघणं पुन्हा दिसलं आणि ते लाजणं नव्हतं. हीच खरी सल होती, बाई, तुमची चूक तिच्यापुढे पासंगालाही पुरत नाही. बापाला ऐकू आलेलं नाही, हे जगात सर्वांत आधी ओळखणारी ती पोरगी होती. भाजीवाल्यापाशी, दवाखान्यात, बसमध्ये, त्याची मान हलायला लागताच जिचा हात शर्टाच्या बाहीला जायचा, ती त्या दिवशी त्याच्या शेजारी उभी होती. तिनं सगळं ऐकलं, त्याची मान पाहिली, आणि बाही ओढली नाही. का नाही ओढली? तिला खरंच वाटलं का, की बाबांना ऐकू आलं? की तिला ते काम इतकं हवं होतं की एक मान तिनं तशीच जाऊ दिली? आणि जाऊ दिली असेल तर दहा वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडानं विचारायचं? तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी हवं होतं. आजवर तिला हवं असलेलं सगळं त्याच्या कानांभोवती फिरत होतं.

कारखान्यात तो दिवसभर हेच घोळवत राहिला. तिथे बरं असतं. तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातवारे करतात, भुवया उडवतात, लांबूनच शिव्या देतात, आणि त्या शिव्या ओठांवरून अगदी नीट वाचता येतात. चष्मा लावणारा एक जोडीदार होता, त्यानं हातानंच विचारलं, काय झालं? यानं हातानं सांगितलं, पोरगी. त्यानं डोक्याला हात लावून दाखवला, म्हणजे त्यालाही आहेत. मग दोघं हसले. पत्रा, पाय, धाडकन. पत्रा, पाय, धाडकन. त्याला वाटलं, पोरीनं इथे येऊन बोलावं. इथे तिचा आवाज कुणाच्या अंगावर येणार नाही. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरीला डब्यांच्या कारखान्यात उभी करायची, ती कशासाठी, तर आपल्याला ऐकू यावं म्हणून?

संध्याकाळी तो तिला गच्चीवर घेऊन गेला. चादरी नव्हत्या, दोऱ्या तेवढ्या होत्या. तो टाकीपाशी गेला नाही, तिच्या समोरच बसला.

"म्हण बघू हाक."

तिनं त्याच्या कोपराला हात लावला, ही रीत अजून होती. "बाबा, आता तशी नाही म्हणायची."

"मग नदीपलीकडे ऐकू कशी जाणार?"

"नदी नाहीच आहे, बाबा. निळं कापड आहे."

"आणि लोक? मागच्या रांगेतले?"

"माइक असतो. इथे लावतात, कॉलरला. बाई म्हणतात, माणसं बोलतात तसं बोल. खरं वाटलं पाहिजे."

माणसं बोलतात तसं. त्याला हसू आलं. "आणि आपण कसे बोलतो?"

तिनं शेजारच्या गच्चीकडे पाहिलं. शिंपी नव्हता. तरी तिनं मान खाली घातली, मग आठवण होऊन पुन्हा वर केली, कारण खाली मान घालून बाबांशी बोलता येत नाही. "तिथे मी बोलले की सगळे कानावर हात ठेवतात. असे. ती एक मुलगी आहे ना, टाचणी म्हणतात तिला, ती तर खुर्चीवरून पडून दाखवते. बाईसुद्धा हसल्या एकदा. वाईट नाही हसल्या, पण हसल्या." तिचा ओठ थरथरला. त्या थरथरण्याला काही आवाज नसतो, तो प्रत्येकाला बघूनच कळतो. "बाबा, मला ते काम हवंय."

"मग घे की."

"घरी मोठ्यानं बोलले की सवय परत येते."

तो म्हणाला, "मग नको बोलूस." हे त्यानं शहाणपणानं म्हटलं, की रागानं, की मेहुण्याच्या बैठकीत हसतो तसं, हे त्याला स्वतःलाही कळलं नाही. पोरगी एकदम उजळली आणि त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या मानेपाशी तोंड घालून ती काहीतरी बोलली. ऊब लागली, श्वास लागला. शब्द गेले. पुढचे सगळे दिवस घरात त्याच्यासाठी बायकोचेच ओठ उरले. आतल्या खोलीत, लोटलेल्या दारामागे, दोघी कुजबुजत होत्या. तो बाहेर वर्तमानपत्र उघडून बसायचा आणि दाराच्या फटीतून पोरीची सावली भिंतीवर वल्हं मारताना बघायचा. वल्हं छान मारायची. ते शिकवायची गरज नव्हती.

निवडीच्या सकाळी तुमचा हॉल भरला होता. पालकांना मागे बसवलं होतं. टाचणी आधी बोलली, लोक हसले, टाळ्या झाल्या. मग भोंगा उभी राहिली. बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोरगी मधोमध आली, आधी बापाला शोधलं, सवयीनंच, लक्ष आहे ना बघितलं, आणि मग चेहरा फिरवून तुमच्याकडे बघत बोलायला लागली. त्याला तिचा कान, गाल आणि जबड्याची थोडी हालचाल दिसत होती. पण हॉल दिसत होता. माणसं खुर्चीत पुढे सरकली. एका बाईनं पर्स उघडली होती, ती तशीच राहिली. समोरच्या म्हाताऱ्यानं हळूच डोळे पुसले. तुम्ही पेन खाली ठेवलंत. म्हणजे पोरीनं केलं होतं. काहीतरी फार चांगलं केलं होतं आणि ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाला मिळालं होतं, दारातल्या झाडूवाल्यालासुद्धा. बापाला अभिमान वाटला आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, उपाशी राहिल्यासारखं झालं. सगळ्यांना वाढलेल्या पंगतीत एकट्याचंच पान राहावं, तसं.

तुम्ही तिथल्या तिथे नाव जाहीर केलंत. ती धावत आली आणि आईच्या कानाला लागली. दोघी हसल्या. त्यानं विचारलं नाही. 'काही नाही' ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत तुमच्या टेबलापाशी आला.

तुम्ही सामान गोळा करत होतात. त्याला ओळखलंत, हसलात, आणि खाली वाकून बोलायला लागलात. अर्थात कौतुकच असणार. त्याची मान आपली आपणच हलायला लागली, आणि त्यानं ती थांबवली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून थांबवली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

स्वतःचा आवाज केवढा निघतो, हे त्याला कळत नाही. तो हॉलभर निघाला. खुर्च्या थांबल्या. टाचणीनं कानांवर हात ठेवले आणि मग काढून घेतले. मागे भोंगा आईचा हात सोडून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला की लाल झाला, त्यानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला एक अक्षर पोचलं नव्हतं. मी उगाच हो म्हणालो. काम तिचंच आहे, तिनं ते कमावलंय, ते काढून घ्यायचं नाही. तुमच्या नाटकात ती तुम्ही म्हणाल तशी बोलेल. पण तुम्ही तिला घरीसुद्धा म्हणालात. घरी मी आहे."

तुम्ही चष्मा काढलात. पोरं बघतायत, पालक बघतायत, भोंगा उभी आहे. आता तोंड वर करा, बाई. तुम्हाला बोलायचं कसं हे शिकवता येतं, मग त्या पोरीनं घरी गेल्यावर बापाशी कसं बोलायचं, ते सांगा. जरा मोठ्यानं सांगा, तिलाही ऐकू जाऊ दे.